आधी डिपॉझिट, मग जीव?

रात्री वस्तीतून फोन येतो. बांधकामावरून पडलेल्या भावाला खासगी रुग्णालयात नेलंय, काउंटरवर म्हणतात, "आधी डिपॉझिट भरा." आम्ही कार्यकर्ते पोहोचून नियम सांगतो, तेव्हा कुठे स्ट्रेचर आत जातं. ज्यांच्याकडे कार्यकर्त्याचा नंबर नाही, त्यांचं काय?

कायदा आपल्या बाजूने आहे. सरकारी असो वा खासगी, जखमीचा जीव वाचवणं हे प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सांगितलं. १९९६ साली रेल्वेतून पडलेल्या हकीम शेख यांना सरकारी रुग्णालयांनी परत पाठवणं हा कलम २१ चा भंग ठरला. महाराष्ट्राच्या २०२१ च्या शुश्रूषागृह नियमांनुसार, तातडीच्या रुग्णाला आगाऊ पैशासाठी न अडवता प्राथमिक जीवरक्षक उपचार द्यावेच लागतात. रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणंही बंधनकारक आहे.

रुग्णालय चालवायला पैसा लागतो, हे आम्हालाही कळतं. बिल बुडवा, असं आम्ही म्हणत नाही. आधी उपचार, मग बिल, एवढाच क्रम मागतो. पण काउंटरवर कपडे, भाषा, पत्ता पाहून माणसाची ऐपत ठरते, आणि त्या पत्त्यात जात लपलेली असते.

बाबासाहेबांनी हक्क दिले, ते बजावणं आपलं काम. प्रत्येक बुद्धविहारातून दोघांनी आपल्या भागातील रुग्णालयांत जाऊन सनद लावली आहे का, ते पाहावं. नसेल तर महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांकडे लेखी तक्रार करावी आणि पोच घ्यावी.

जय भीम!