घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे

"यांचं बरं आहे, पाठ टेकली की घोरायला लागतात. कसली गाढ झोप लागते!" आपल्याकडे हे कौतुकानं बोललं जातं. लग्नघरात, रेल्वेच्या डब्यात, सहलीच्या मुक्कामी कुणाचं तरी घोरणं हा हमखास थट्टेचा विषय. माझं म्हणणं असं आहे, की काही घोरण्यांची थट्टा आता बंद करून त्याची तपासणी सुरू करायला हवी. सगळ्याच घोरण्यांची नव्हे. पण जे घोरणं मध्येच थांबतं, काही सेकंद अगदी शांतता होते आणि मग मोठा आचका देऊन श्वास पुन्हा सुरू होतो, त्याची नक्कीच.

या आजाराचं नाव स्लीप ॲप्निया. आपल्या घशाचा मागचा भाग म्हणजे स्नायूंची एक मऊ नळी आहे. जागेपणी स्नायू तिला उघडी ठेवतात. झोपेत ते सैल पडतात. मानेभोवती चरबी जास्त असेल, जबडा लहान किंवा मागे असेल, टॉन्सिल मोठे असतील, तर ही नळी मिटते. छाती श्वास ओढत राहते, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून क्षणभर जागा होतो, घसा उघडतो. माणसाला यातलं सकाळी काहीच आठवत नाही. आठ तास झोपलो एवढंच तो सांगतो, आणि ते खरंही असतं.

म्हणूनच "डॉक्टर, माझा झोपेत श्वास थांबतो" अशी तक्रार घेऊन जवळजवळ कुणीच येत नाही. हा आजार दवाखान्यात वेष पालटून येतो. तीन-तीन गोळ्या घेऊनही बीपी आटोक्यात येत नाही, हा त्याचा एक वेष. सकाळी उठल्यावर डोकं जड, दुपारी खुर्चीत पेंग, चिडचिड, हाही एक. पन्नाशीतले पुरुष रात्री तीन-चार वेळा लघवीला उठतात आणि प्रोस्टेटची सोनोग्राफी करूनच येतात. प्रोस्टेट वाढलेलं असूही शकतं. पण बंद घशाविरुद्ध श्वास ओढताना छातीत जो दाब निर्माण होतो त्यानं हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात, आणि ते लघवी वाढवणारा एक संप्रेरक सोडतात. लघवीमुळे झोप मोडते असं रुग्णाला वाटतं. प्रत्यक्षात पुष्कळदा झोप आधी मोडलेली असते.

स्त्रियांचं निदान तर फारच उशिरा होतं. रजोनिवृत्तीनंतर त्यांच्यात हा आजार वाढतो, पण त्या थकवा, झोप न लागणं, उदास वाटणं अशा तक्रारी सांगतात. हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासलं जातं (ते तपासायलाच हवं), आणि घोरण्याबद्दल विचारायचं राहून जातं. पुरुषाच्या घोरण्याची तक्रार बायको करते. बायको घोरते हे नवरा चारचौघांत सांगत नाही, आणि पुष्कळदा त्यानंच तिच्याआधी घोरायला सुरुवात केलेली असते!

अशा माणसानं "झोप नीट होत नाही" म्हणून मेडिकलच्या दुकानातून झोपेची गोळी आणली, तर ते धोक्याचं आहे. नेहमीच्या झोपेच्या गोळ्यांपैकी अनेक गोळ्या घशाचे स्नायू आणखी सैल करतात, आणि श्वास अडकल्यावर जागं होण्याची मेंदूची सवयही मंदावते. दारूचंही तेच. "दोन पेग घेतले की शांत झोप लागते" हा दावा शेजारी झोपणाऱ्याला विचारून पाहावा.

निदानाची सुरुवात साध्या प्रश्नांनी होते. जोरात घोरता का? दिवसा थकवा असतो का? झोपेत श्वास थांबलेला कुणी पाहिलाय का? बीपी आहे का? वजन फार जास्त, वय पन्नाशीपुढे, गळ्याचा घेर पुरुषात १७ आणि स्त्रीत १६ इंच किंवा जास्त, आणि पुरुष असणं, असे एकूण आठ मुद्दे असतात. तीन किंवा जास्त ठिकाणी "हो" आलं, तर पुढे तपासणी हवी. त्या तपासणीला स्लीप स्टडी म्हणतात. ती रुग्णालयात रात्रभर राहून करता येते, आणि संशय दाट असलेल्या बऱ्याच जणांना घरी छोटं यंत्र लावूनही करता येते. तासाला किती वेळा श्वास थांबतो किंवा उथळ होतो ते त्यात मोजतात. पाचपर्यंत ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या पुढे तीव्र. तासाला ३० म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा, हे लक्षात घ्या.

माझी एक विनंती आहे. तपासणीला येताना शेजारी झोपणाऱ्या व्यक्तीला बरोबर आणा. ते शक्य नसेल तर मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ आणा. रुग्ण आधी रागावतो, मग स्वतःचा व्हिडिओ बघून गप्प होतो.

मध्यम आणि तीव्र आजारावर मुख्य उपचार म्हणजे सीपॅप मशीन. मास्कमधून थोड्या दाबानं हवा सोडून ते घसा उघडा ठेवतं. ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये ही पद्धत प्रथम मांडली. मशीनबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. "हे लावलं नाही तर हार्ट अटॅक येईल" अशी भीती घालून ते विकलं जाऊ नये. हृदयविकार किंवा पक्षाघाताचा आजार आधीच असलेल्या सुमारे २,७०० रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सीपॅपनं असे पुढचे झटके कमी झाल्याचं दिसलं नाही. मात्र त्या रुग्णांनी मशीन रात्री सरासरी जेमतेम साडेतीन तासच वापरलं होतं, आणि दिवसाची पेंग व मनाची स्थिती मात्र सुधारली. म्हणून मी रुग्णांना दोनच गोष्टी सांगतो: दिवसा जागे राहाल, बीपीला थोडी मदत होईल. पण कपाटात ठेवलेल्या मशीनचा काही उपयोग नाही.

मशीन कपाटात जातं ते बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत. मास्कमधून हवा गळते, नाक कोरडं पडतं, कोंडल्यासारखं होतं. यातल्या बहुतेक अडचणी मास्कचा आकार बदलून, हवेत ओलावा देऊन आणि संध्याकाळी टीव्ही बघताना अर्धा तास मास्क लावायची सवय करून सुटतात. विकत घेण्याआधी काही दिवस वापरून बघायला मिळेल का, हे जरूर विचारा.

वजन कमी केल्यानं खूप फरक पडतो. काहींना कुशीवर झोपून, काहींना खालचा जबडा पुढे धरणारं दातांवरचं उपकरण लावून बरं वाटतं. लहान मुलांत टॉन्सिल आणि ॲडिनॉइड काढल्यावर पुष्कळदा प्रश्न संपतो. आणि हो, बारीक माणसालाही हा आजार होतो, तेव्हा केवळ वजनाकडे बघून तो नाकारू नका.

सगळ्यात जास्त काळजी मला चालकांची वाटते. परवान्यासाठी आपण डोळे तपासतो. स्टेअरिंगवर डोळा लागतो का, हे कुणी विचारत नाही. ट्रक, बस, रिक्षा किंवा रोज लांबवर स्वतःची गाडी चालवणाऱ्याला सिग्नलला उभं असतानाही डुलकी येत असेल, तर उपचार सुरू होईपर्यंत त्यानं गाडी चालवू नये. रोजगार बुडतो हे मला कळतं. म्हणूनच त्याची तपासणी इतरांच्या आधी व्हायला हवी.

कुठलंही ऑपरेशन ठरलं, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना घोरण्याबद्दल आठवणीनं सांगा. सीपॅप मशीन असेल तर दाखल होताना ते बरोबर न्या.