आडोसा हवा, गॅरेज नको

मिनेसोटाच्या हिवाळ्यात पारा शून्याखाली उतरला तरी अंगणात विजेचा स्मोकर लावून मांसाला धुरी देणारे लोक आहेत, आणि त्यांची चिकाटी मला मनापासून आवडते. थंडीपेक्षा खरा वैरी वारा. साधारण ८०० वॅटची कॉइल स्मोकरची पेटी ११० अंश सेल्सिअसपर्यंत तापवते, पण वारा ती ऊब ओढून नेतो. दार उघडून डोकावलं की उरलीसुरलीही जाते. म्हणून भिंतीचा आडोसा घ्यावा, वायर जाड आणि बाहेर चालणारीच वापरावी. गारठ्याला कंटाळून स्मोकर गॅरेजमध्ये मात्र कधीही नेऊ नका. वीज स्वच्छ असली तरी धुमसणाऱ्या लाकडाच्या ढलप्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो आणि तो जीव घेतो. कोंबडी शिजली की नाही, हे घड्याळावर ठरवू नका. थर्मामीटरवर आत ७४ अंश दिसल्यावरच ती ताटात घ्या.