स्वस्त फोन, महाग क्रमांक

“आता काय, खुरपणीला जाणाऱ्या बाईच्या हातातसुद्धा मोबाइल आला!” हे वाक्य आपण एस.टी.त ऐकतो, लग्नाच्या पंगतीत ऐकतो, क्वचित व्याख्यानातही ऐकतो. बोलणाऱ्याच्या मनात कधी कौतुक असते, कधी थोडी असूयाही असते. वाक्य खोटे नाही. पण ते अर्धे आहे. त्या बाईच्या हातात मोबाइल आला हे खरे. तो चालू आहे की नाही, हे कोणी विचारीत नाही. फोन हातात असणे आणि फोन चालू असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि या दोहोंमधील अंतर गेल्या काही वर्षांत वाढत गेले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम फोनाविषयी. मी स्वतः बटणाचा फोन वापरतो. तालुक्याच्या बाजारपेठेत तो मला बाराशे रुपयांना मिळाला. दुकानदार अशा गिऱ्हाइकाशी फार वेळ बोलत नाही. काचेच्या कपाटातील वरचे खण मोठ्या पडद्याच्या फोनांचे आणि आमचा खण तळाचा. तरीही या फोनाचे गुण थोडेथोडके नाहीत. एकदा चार्ज केला की तीन-चार दिवस पाहावे लागत नाही. हातातून पडला तर झाकण एकीकडे आणि बॅटरी दुसरीकडे जाते. दोन्ही गोळा करून बसविली की गडी पुन्हा उभा! नोकियाच्या जुन्या फोनांमुळे माहीत झालेल्या बीएल-५सी मापाची बॅटरी आजही कितीतरी स्वस्त फोनांत बसते आणि ती बाजारात सहज मिळते. २००३ साली नोकियाचा ११०० हा फोन आला, तेव्हा त्यात टॉर्च होता आणि बटणांवर धूळ आत न जाऊ देणारे आवरण होते. जगभरात त्याचे २५ कोटींहून अधिक नग खपले. वीज जाणाऱ्या आणि रस्ता धुळीचा असलेल्या मुलखातील माणसाला काय लागते, हे त्या फोनाच्या कर्त्यांनी ओळखले होते. घेताना एवढेच पाहावे की फोन ४जी आहे ना; कारण जिओचे जाळे २जीचे नाही आणि जुन्या २जी फोनात त्यांचे सिम चालत नाही.

थोडक्यात, यंत्राविषयी तक्रार नाही. तक्रार आहे ती क्रमांकाविषयी.

आपल्या देशात पहिला मोबाइल कॉल झाला ३१ जुलै १९९५ रोजी. पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्या काळी मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर पडे आणि आलेला कॉल उचलला तरी पैसे लागत. अशा वस्तूशी सामान्य माणसाचा काय संबंध? तो आपला पिवळ्या पाटीच्या एस.टी.डी. बूथवर रात्रीच्या सवलतीच्या दराची वाट पाहत उभा असे. २००३ साली येणारे कॉल फुकट झाले, आणि खरी क्रांती झाली ती तेव्हा. ज्याच्याजवळ बोलायला पैसे नाहीत त्यालाही आता ऐकता येऊ लागले. प्रीपेडमुळे बिलाची भीती गेली. दहा रुपयांचे रिचार्ज मारावे, असेल तेवढे बोलावे, नसेल तर मिस्ड कॉल द्यावा! एक रिंग म्हणजे ‘पोचलो’, दोन म्हणजे ‘तू कर’, अशी घराघराची सांकेतिक भाषा तयार झाली. गरजेने माणूस किती कल्पक होतो, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

२००५ च्या अखेरीस ९९९ रुपयांत ‘लाइफटाइम’ प्रीपेड आले आणि नंतर ते आणखी स्वस्त झाले. पुढे खुलासा झाला की हे आयुष्य ग्राहकाचे नव्हे, कंपनीच्या परवान्याचे! तो विनोद बाजूला ठेवला, तरी एक तत्त्व त्या काळी मान्य झाले होते : एकदा पैसे भरून घेतलेला क्रमांक माणसाजवळ राहावा, मग तो बोलो अथवा न बोलो. २००९ साली टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा हा दर आणला, तेव्हा तर जेवढे बोलाल तेवढेच द्याल, हा हिशेब पुरता रुजला.

हे चित्र उलटले २०१८ साली. २०१६ मध्ये जिओ आल्यावर दरांचे युद्ध झाले, अनेक कंपन्या बुडाल्या किंवा दुसऱ्यांत विलीन झाल्या, आणि उरलेल्यांनी कमी खर्च करणाऱ्या ग्राहकाकडे मोर्चा वळविला. २०१८ च्या अखेरीस एअरटेल आणि व्होडाफोन आयडिया यांनी क्रमांक चालू ठेवण्यासाठी २८ दिवसांना किमान ३५ रुपयांचे रिचार्ज आवश्यक केले. खात्यात शिल्लक असली तरी मुदत संपली की बाहेर जाणारे कॉल बंद, आणि काही दिवसांनी येणारेही बंद. पुढे हा ३५ चा आकडा कसा चढला पाहा. एअरटेलचे किमान रिचार्ज २०१९ मध्ये ४५, २०२१ च्या जुलैत ७९, त्याच वर्षी नोव्हेंबरात ९९, २०२३ पर्यंत १५५ आणि जुलै २०२४ मध्ये १९९ रुपये झाले. सहा वर्षांत साडेपाच पटींहून अधिक. शेतमजुराची मजुरी या सहा वर्षांत साडेपाच पट झाल्याचे कोणाच्या ऐकिवात आहे काय?

आता आपल्या बाराशेच्या फोनाकडे वळू. वर्षाचे महिने बारा, पण २८ दिवसांची मुदत असल्यामुळे रिचार्जे तेरा. १९९ गुणिले १३ म्हणजे २,५८७ रुपये. बैलापेक्षा दावे महाग ते हे! फोनाच्या दुपटीहून अधिक रक्कम दर वर्षी केवळ तो जिवंत ठेवण्यासाठी लागते.

“पण त्या १९९ रुपयांत अमर्याद बोलणे मिळते, वर इंटरनेटही मिळते,” असे उत्तर येते. ते खोटे नाही. पण ज्याच्या फोनावर इंटरनेट चालवण्याची सोय नाही, त्याला ते देणे म्हणजे दात नसलेल्याला चणे देण्यासारखे आहे. आणि अमर्याद बोलणार कोण? महिन्यातून दहाच मिनिटे बोलणाऱ्या म्हातारीला मिनिटाचा भाव जवळजवळ २० रुपये पडतो. म्हणजे १९९५ सालच्या श्रीमंतांच्या दरापेक्षाही जास्त! रुपयाची किंमत तेव्हाची आणि आताची एक नव्हे, हे मला मान्य आहे. पण ज्या काळात मोबाइल सर्वांत स्वस्त झाला असे आपण म्हणतो, त्या काळात सर्वांत कमी वापरणाऱ्याला तो सर्वांत महाग पडावा, ही गोष्ट तरी न्यायाची कशी?

ही म्हातारी काल्पनिक नाही. आपल्या महाविद्यालयात ऊसतोड कामगारांच्या घरांतून आलेले कितीतरी विद्यार्थी आहेत. दसरा-दिवाळीनंतर आईवडील कारखान्यावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मागे गावात राहतात आजी-आजोबा आणि शाळेत जाणारी भावंडे. या सहा महिन्यांत त्या घराला बांधून ठेवणारा धागा एकच, तो म्हणजे कोनाड्यात ठेवलेला बटणाचा फोन. आजी त्यावरून कोणाला फोन करीत नाही. तिला बहुधा तो लावताही येत नाही. ती फक्त आलेला उचलते. ‘पोरं जेवली का,’ ‘ताप उतरला का,’ एवढे दोन मिनिटांचे बोलणे. त्या फोनाची मुदत संपली की तिकडे फडावर लेकाला ‘इनकमिंग सुविधा उपलब्ध नाही’ असे ऐकू येते, आणि मग शेजाऱ्याच्या फोनावर विनवण्या सुरू होतात.

यापेक्षाही गंभीर बाब पुढे आहे. क्रमांक आता केवळ बोलण्यासाठी राहिलेला नाही. तो माणसाची ओळख झाला आहे. बँक, आधार, गॅस, रेशन, पेन्शन सारे त्याच्याशी जोडलेले आहे. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. अर्जाच्या दिवसांत संगणक कक्षाबाहेर उभे राहिले की कळते : अर्ज मुलाचा, पण नोंदलेला क्रमांक वडिलांच्या फोनाचा, आणि तो रिचार्जअभावी बंद. ओटीपी येणार कोठून? मुदत संपत आलेली, मागे रांग वाढत चाललेली आणि विद्यार्थी हातात कागद घेऊन उभा! शिवाय बंद पडलेला क्रमांक कायम आपला राहत नाही. बंद झाल्यापासून ९० दिवस तो नव्या ग्राहकाला दिला जात नाही, असे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०२३ साली सर्वोच्च न्यायालयात सांगितले. याचा दुसरा अर्थ असा की नंतर तो दिला जाऊ शकतो. आणि बँकेतील नोंद बदललेली नसेल, तर आपल्या खात्याचे निरोप परक्याच्या खिशात वाजतील.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. मनोरे उभारायला, परवाने घ्यायला पैसा लागतो. पडून राहिलेल्या क्रमांकांचाही भार त्यांना असतो. जगाच्या मानाने आपल्याकडील दर कमीच आहेत. हे सर्व मान्य. कोणी फुकट द्या म्हणत नाही. जिओने २०२३ मध्ये ९९९ रुपयांचा ‘भारत’ फोन आणि त्यासाठी २८ दिवसांना १२३ रुपयांची योजना आणली, तेही चांगलेच झाले. मात्र तो दर त्याच फोनाला लागू होता, घरात असलेल्या दुसऱ्या फोनाला नव्हे.

ट्रायलाही हा प्रश्न दिसला, हे नमूद केले पाहिजे. जानेवारी २०२२ मध्ये पूर्ण ३० दिवसांची किमान एक योजना ठेवण्याचा आदेश त्यांनी दिला. डिसेंबर २०२४ मध्ये त्यापुढे जाऊन केवळ बोलणे आणि एसएमएस यांसाठी, इंटरनेटशिवायचे पॅक देणे बंधनकारक केले आणि अशा पॅकची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असण्यास मुभा दिली. २०२५ च्या आरंभी असे पॅक आले. पण त्यांचे दर काय होते? जिओचे ३३६ दिवसांना १,७४८ आणि एअरटेलचे ३६५ दिवसांना १,८४९ रुपये. ८४ दिवसांना अनुक्रमे ४४८ आणि ४६९. महिन्याचे स्वस्त पॅक त्या वेळी दोघांनीही दिले नाही. वर्षाचा विचार केला तर बचत आहे. परंतु रोजंदारीवर जगणाऱ्याने एकदम पावणेदोन हजार काढावेत कोठून? ज्याच्याजवळ एकरकमी पैसा आहे त्याला वस्तू स्वस्त आणि ज्याच्याजवळ नाही त्याला महाग, हा किराणा दुकानातला जुनाच न्याय येथेही लागू झाला.

माझे म्हणणे एवढेच आहे : ज्या क्रमांकावर सरकारच माणसाची ओळख पटवून घेते, तो क्रमांक केवळ ऐकण्यापुरता आणि एसएमएस येण्यापुरता चालू ठेवण्याचा एक किमान वार्षिक दर असावा, आणि तो मजुराच्या एका दिवसाच्या मजुरीहून अधिक नसावा. बोलायचे असेल त्याने वेगळे पैसे भरावेत. हे अशक्य नाही. पोस्टकार्ड कित्येक वर्षे ५० पैशांना मिळत आले ते टपाल खात्याला त्यात फायदा होतो म्हणून नव्हे. पत्र ही प्रत्येकाची गरज आहे, हे सरकारने मान्य केले होते म्हणून. आज पत्राची जागा ज्याने घेतली, त्याला तोच नियम का नसावा?

सरकार आणि कंपन्या ऐकतील तेव्हा ऐकतील. मित्रहो, तोपर्यंत आपल्या हातात काही आहे. इंटरनेटशिवायचे पॅक असते हे गावात पुष्कळांना माहीतच नाही, कारण दुकानदार आपण होऊन ते सांगत नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. एक दिवस घरोघर जाऊन फोनाची मुदत कधी संपते, त्या माणसाला कोणते रिचार्ज पुरेल आणि आधारला व बँकेला कोणता क्रमांक जोडला आहे, एवढे पाहून दिले तरी मोठे काम होईल. आणि प्राध्यापक महोदयांना एक विनंती. वर्गाची प्रत्येक सूचना व्हॉट्सॲपच्या गटावर टाकली की काम झाले, असे कृपया समजू नये. आमच्यापैकी काहींच्या खिशात बटणाचा फोन आहे, आणि तोही महिनाअखेरीस मुका होतो. ग्रंथालयासमोरचा सूचनाफलक अजून भिंतीवर आहे. शिष्यवृत्तीची तारीख, परीक्षेचा अर्ज, तासाचा बदल त्यावरही लागावा. त्याला रिचार्ज लागत नाही.