ठेव आणि 'आपला माणूस'



मागच्या रविवारी विहारात वंदना आटोपल्यावर एका ताईंनी मला बाजूला घेतले. यजमान नगरपालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त झालेले, फंड-ग्रॅच्युइटीची रक्कम हाती आलेली. म्हणाल्या, "दादा, तुम्ही बी.कॉम. झालेले. तुम्ही सांगाल तिथे ठेवू." ते ऐकून माझ्या पोटात गोळाच आला.

कारण २०२० साली मी असेच सांगून बसलो होतो. टाळेबंदीत कुणाचे काम गेले, कुणाचा पगार निम्म्यावर आला. त्यातच १ एप्रिलपासून पोस्टाच्या एक वर्षाच्या ठेवीचे व्याज ६.९ वरून ५.५ टक्के झाले. वस्तीजवळची एक पतसंस्था १२ टक्के देत होती. संचालकांत दोघे आपले, १४ एप्रिलची वर्गणी सढळ हाताने देणारे. मी ५० हजार ठेवले. मी ठेवले म्हणून सात घरांनी ठेवले. सभासद म्हणून ताळेबंद पाहण्याचा आम्हाला हक्क होता. एकानेही मागितला नाही. दिवसभर कचेरीत पावत्या तपासणारा मी, मलाही तिथे विचारायला संकोच वाटला. दीड वर्षात दाराला कुलूप लागले.

दिवस अनिश्चित असले की माणूस हिशेब कमी आणि चेहरा जास्त पाहतो. बँकेच्या खिडकीवर ज्यांनी कायम 'फॉर्म नीट भरून आणा' एवढेच ऐकले, त्यांना आपल्या बोलीत बोलणारा जवळचा वाटणारच. मग शेजारणीने कुठे ठेवले, लेकीचे लग्न किती महिन्यांवर आहे, यावरच निर्णय होतो. काही जण घाबरून पैसा डब्यात ठेवतात. २०१६ च्या नोटाबंदीत तांदळाच्या डब्यातल्या नोटा घेऊन आपल्याच आयाबहिणी रांगेत उभ्या होत्या. ज्या बाबासाहेबांनी १९२३ साली 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ लिहिला, त्यांचे आम्ही अनुयायी. आणि ताळेबंद मागायला लाजतो!

एक फरक घरात सर्वांना ठाऊक हवा. बँक बुडाली तर एका बँकेतल्या एका ठेवीदाराला व्याजासह ५ लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. त्याचा हप्ता बँकच भरते. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासूनची, आधी १ लाखच होती. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा खातेदारांना सुरुवातीला फक्त १ हजार रुपये काढता येत होते, हे मुंबईकर विसरलेले नाहीत. पतसंस्थेच्या ठेवीला मात्र हा विमा नाही. पाटी कितीही बँकेसारखी रंगवलेली असो.

ताईंना मी हे सर्व सांगितले, माझ्या ५० हजारांसकट. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "त्या सात घरी जाऊन सांगितलंत का, की चूक तुमची होती म्हणून?"

नव्हते सांगितले. सोमवारी ताईंबरोबर पोस्टात जायचे आहे, ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा फॉर्म आणायला. येताना पहिले घर वाटेवरच लागते.