मांडे मनातले आणि कढईवरचे

आमच्या सीमाभागातील मराठी घरांत एक जुनी समजूत अद्याप ठाण मांडून बसलेली आहे. माल चांगला असला म्हणजे गिऱ्हाईक वाट विचारीत दारी येते. जाहिरात करावी ती ज्याचा माल खपत नाही त्याने. नोकरीपेशातल्या घराण्यांत तर आपण काही विकतो हे तोंडाने सांगण्याचाच संकोच. घरातील गृहिणी पहाटे उठून भाजणी भाजील, मेतकूट दळून आणील, उन्हाळ्यात गच्चीभर सांडगे घालील आणि चार ओळखीच्या घरांत ते ‘खर्चापुरते पैसे घेऊन’ देईलही. पण ‘हा माझा व्यवसाय आहे’ असे म्हणावयाची वेळ आली की तिची जीभ अडखळते. आता तिच्याच हाती मुलाने घेऊन दिलेला फोन आहे. पलीकडच्या गल्लीतील कोणाची सून त्याच फोनवर केकची चित्रे लावते आणि तिच्या दारासमोर स्कूटर थांबतात, हेही ती रोज पाहते. संकोच आणि गरज यांचा हा झगडा आज पुष्कळ घरांत चालू आहे.

संकोच बाळगणाऱ्यांनी आपल्याच गावाचा इतिहास आठवावा असे आम्हांस वाटते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलींचे दुकान काढले ते बेळगावात. गावातील किर्लोस्कर रोड हे नाव आपण दिवसातून दहादा घेतो. त्यामागची खटपट मात्र विसरून गेलो आहोत. त्यांनी लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडाने जमिनीस विष चढते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिले नांगर खपावयास दोन वर्षे लागली असे सांगतात. माल चांगला होता. तरी गिऱ्हाईक वाट विचारीत आले नाही. पुढे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० मध्ये तेथून शंकरराव किर्लोस्करांच्या संपादकत्वाखाली ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले. मूळ हेतू कारखान्याची आणि त्याच्या मालाची वार्ता गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचविण्याचा. म्हणजे आजच्या भाषेत बोलावयाचे तर ते कारखान्याचे ‘पेज’च होते! परंतु त्यात वाचणाऱ्याच्या पदरी काहीतरी पडत असे, म्हणून लोकांनी ते राखून ठेवले. त्यातूनच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ ही भावंडे आली, आणि आमच्या आईच्या पिढीने ती पारायणे केल्यासारखी वाचली. एवढ्या मोठ्या उद्योगाने जाहिरातीस कमीपणा मानला नाही. मग भाजणीने का मानावा?

साधनांविषयी थोडक्यात सांगतो, कारण ती घरातील मुले आमच्यापेक्षा अधिक जाणतात. व्यावसायिकांसाठी असलेले व्हॉट्सअ‍ॅप २०१८ पासून उपलब्ध आहे. ते फुकट आहे आणि त्यात आपल्या मालाची चित्रे भावासकट मांडून ठेवता येतात. त्यावरून एकाच वेळी अनेकांना निरोप धाडण्याची जी सोय आहे, तिचा एक नियम मात्र पुष्कळांना ठाऊक नसतो. ज्याने आपला क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये नोंदवून ठेवला आहे त्यालाच तो निरोप पोहोचतो. तेव्हा गिऱ्हाइकास माल देतानाच ‘आमचा नंबर तेवढा सेव्ह करा’ म्हणावे. गूगलच्या नकाशावर आपले ठिकाण नोंदविण्यासही पैसे पडत नाहीत. फेसबुक व इन्स्टाग्राम यांवर पैसे भरून जाहिरात करावयाची झाल्यास गाव आणि त्याभोवती किती किलोमीटर, हे ठरविता येते. ते न ठरविता पैसे भरणे म्हणजे मारुती गल्लीतील दुकानाची हस्तपत्रके पाटण्याच्या स्थानकावर वाटणे होय.

आणखी एक गोष्ट ध्यानात असावी. ही सारी जागा परक्याची आहे. टिकटॉकवर ज्यांनी हजारो चाहते जमविले होते त्यांचे दुकान २९ जून २०२० रोजी सरकारी आदेश निघताच मिटले. त्यात त्यांचा स्वतःचा काहीही अपराध नव्हता. म्हणून गिऱ्हाइकांची नावे, पत्ते आणि फोन एका साध्या वहीत लिहिलेले असावेत. वही जुनी पद्धत आहे हे आम्ही जाणतो.

आता ज्या एका घरामुळे हा विषय आमच्या मनात घोळत राहिला, त्या घराची हकीकत. शहापुरातील या घरी दोन पिढ्या मांडे होतात. बेळगावचे मांडे म्हणजे काय, हे या भागातील वाचकांस सांगावयास नको. पण हा अंक इंदूर-बडोद्यासही जातो, म्हणून सांगतो. भिजवून तिंबलेल्या कणकेत पिठीसाखरेचे सारण भरतात, ती पोळी लाटून मग दोन्ही हातांवर झेलीत झेलीत पसरतात, आणि ती रुमालासारखी पातळ झाली की उपड्या कढईवर टाकतात. गरम असतानाच तिची घडी घालावी लागते. निवली की ती ताठ होते आणि मग घडी घालू म्हटले तर तिचे तुकडे होतात. या घरी एका दिवसात साठ-सत्तर मांडे होत. लग्नसराईत खानापूर, निपाणीपर्यंतची मंडळी महिना आधी सांगून ठेवीत. मुलीच्या पाठवणीबरोबर मांडे द्यावयाचे तर ते याच घरचे, असा काही कुटुंबांचा शिरस्ताच होता.

दोन वर्षांमागे त्यांच्या पुण्याच्या भाच्याने हातांवर पोळी पसरतानाची एक छोटी चित्रफीत काढून इन्स्टाग्रामवर टाकली. चित्रफीत खरोखर देखणी होती; बाईंचा चेहरा तीत दिसतच नाही, केवळ दोन हात आणि मागे चुलीचा जाळ. आठवड्यात ती लाखभर लोकांनी पाहिली. फोन वाजू लागला. हैदराबादहून, बडोद्याहून, दुबईहून मागण्या आल्या. घरात आनंदीआनंद झाला, तो साहजिकच होता. आयुष्यभर ज्या हातांचे कौतुक चार नातलगांनी केले त्यांचे कौतुक आता अनोळखी माणसे करीत होती. सूनबाईंनी नोकरी सोडून पूर्ण वेळ याच कामास लागण्याचा विचार बोलून दाखविला. भाच्याने आणखी काही हजार रुपये जाहिरातीस लावले.

मराठीत ‘मनातले मांडे’ हा वाक्प्रचार आहे, आणि मनातल्या मांड्यांना तूपसाखर कमी घालण्याचे कारण नसते हे खरेच. कढईवरचे मांडे मात्र दिवसाला साठ-सत्तरच होतात. शिवाय हा पदार्थ प्रवासाचा शत्रू. खोक्यात कागद भरून पाठविले तरी हैदराबादेस पोहोचेतो त्यांचा चुरा झाला. एका गिऱ्हाइकाने त्या चुऱ्याचे छायाचित्र काढून सर्वांना दिसेल असे लावले आणि खाली चार कठोर शब्द लिहिले. ते लाखभर लोक आता हेही पाहू लागले. तरीही हा घाव वरवरचा होता. पैसे परत केले, क्षमा मागितली, प्रकरण मिटले.

खरा घाव दिवाळीत बसला. मागणी घेऊन ठेवलेली, हात चारच. तेव्हा शेवटच्या आठवड्यात दुसरीकडून तयार मांडे आणून ते आपल्या खोक्यांत भरण्यात आले. आम्ही त्यांस दोष देत नाही. सणाच्या तोंडावर कोणाला ‘नाही’ म्हणावयाचे? परंतु खानापूरच्या एका जुन्या गिऱ्हाईक बाईंनी पहिला घास घेताच ओळखले. साजूक तुपाचा वास नव्हता. त्यांनी फोन केला नाही, कोठे काही लिहिले नाही, एक शब्द बोलल्या नाहीत. माघात त्यांच्या धाकट्या मुलीचे लग्न झाले आणि रुखवतातील मांडे दुसऱ्या घरून आले. थोरल्या दोन्ही मुलींच्या वेळी ते या घरून गेले होते. मांडे करणाऱ्या बाईंना ही बातमी लागली तेव्हा त्यांनी दोन दिवस कढई चढविली नाही, असे त्यांच्या सूनबाईंनीच आम्हांस सांगितले.

फोनवर लिहून कळविलेली तक्रार दिसते तरी. ही दिसली नाही. फोनवरील अंगठ्यांच्या आकड्यात तिची नोंद कोठे होणार? तो आकडा वाढतच होता.

त्यानंतर त्या घराने जे केले ते आम्हांस फार विचाराचे वाटते. पैसे भरून जाहिरात बंद केली. चित्रफिती चालू ठेवल्या. आता दर सोमवारी सूनबाई त्या आठवड्यात किती मांडे होणार तो आकडा लिहितात, आणि तेवढी मागणी नोंदली की ‘या आठवड्याचे संपले’ अशी पाटी लावतात. बेळगावाबाहेर मांडे पाठवीत नाहीत. घेऊन जाणारे माणूस असेल तरच देतात. बाहेरगावच्यांसाठी त्यांनी भाजणी आणि मेतकूट सुरू केले आहे, कारण पीठ मोडत नाही. बाई स्वतः खानापुरास जाऊन आल्या. तेथे काय बोलणे झाले ते आम्ही विचारले नाही.

खाद्यपदार्थ घरी करून विकणाऱ्यांनीही अन्नसुरक्षा विभागाकडे नोंदणी करावी लागते. तिचा चौदा आकडी क्रमांक, वजन आणि केल्याची तारीख पाकिटावर असावी, आणि हाच मजकूर फोनवरील चित्राखालीही लिहावा. गिऱ्हाईक तो वाचते.

लिहिण्याच्या भाषेविषयी आम्ही थोडे अधिक बोलणार, तो आमचा पेशाच आहे. समाजमाध्यमांवरील मराठी जाहिरातींत विशेषणांचा पूर आलेला असतो. ‘अप्रतिम’, ‘लाजवाब’, ‘एकदम पारंपरिक’, ‘आजीच्या हातची चव’! सर्वच आजी सुगरण असत्या तर या देशात उपाहारगृहे चाललीच नसती. ‘अप्रतिम भाजणी’ यापेक्षा ‘तांदूळ, हरभराडाळ, उडीदडाळ, ज्वारी, धने-जिरे, मंद आचेवर वेगवेगळे भाजून, अर्धा किलो’ असे लिहिले तर वाचणाऱ्या गृहिणीस नेमके कळते आणि विश्वासही बसतो. दुसरी खोड म्हणजे ‘भावासाठी संपर्क साधा’. आपले मराठी गिऱ्हाईक भिडस्त असते. भाव विचारून माल न घेणे त्यास अवघड वाटते. म्हणून ते विचारतच नाही, पुढे सरकते. भाव लिहावा, आणि घरपोच देण्याचे वेगळे पडत असतील तर तेही लिहावे.

मजकूर कोणत्या भाषेत असावा, हा प्रश्न या भागात नाजूक होऊन बसतो. आम्ही आमच्या भाषेचे अभिमानी आहोत, आणि आमच्या विद्यार्थ्यांनी रोमन लिपीत मराठी लिहिलेले आम्हांस खपत नाही. तथापि आमच्या बाजारात शेजारी उभे असलेले गिऱ्हाईक कन्नड बोलते आणि तेही आपले मांडे, आपला कुंदा तितक्याच आवडीने खाते. वर शुद्ध मराठी, खाली शुद्ध कन्नड, असा मजकूर लिहावा. कन्नड लिहिता येत नसल्यास शेजाऱ्यास विनंती करावी. शेजारी आनंदाने लिहून देईल आणि बहुधा पहिले पाकीट तोच घेईल. मंडळाच्या किंवा नातलगांच्या समूहावर जाहिरात टाकताना मात्र तारतम्य हवे. कोणाच्या निधनाची वार्ता आलेली, तिच्याखाली हात जोडल्याच्या खुणांची रांग, आणि त्या रांगेत ‘ताजे उकडीचे मोदक मिळतील’ हे आम्ही स्वतः वाचले आहे. मोदक चांगले होते असे कळते.

राहता राहिली फसवणुकीची गोष्ट, आणि ती घरातील वडीलधाऱ्यांनी मुद्दाम वाचावी. फोन क्रमांक जगजाहीर झाला की जसे गिऱ्हाईक येते तसे चोरही येतात. त्यांचा एक ठरलेला डाव आहे. ‘मी लष्करातील अधिकारी बोलतो, जवानांसाठी दीडशे पाकिटे हवीत, पैसे आधीच पाठवितो’ असा रुबाबदार हिंदीत फोन येतो. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावातच असल्याने आपणांस त्यात वावगे काही वाटत नाही. उलट अभिमान वाटतो. मग ते गृहस्थ एक चौकोनी ठिपक्यांचे चित्र पाठवितात आणि सांगतात, हे स्कॅन करून आपला गुप्त आकडा घाला म्हणजे पैसे जमा होतील. यूपीआयने पैसे घेताना गुप्त आकडा घालावा लागत नाही. तो घालावा लागतो पैसे देताना. आकडा मागितला की फोन ठेवून द्यावा, मग बोलणारा कितीही मोठा अधिकारी असो. चुकून पैसे गेलेच तर लाजेने गप्प न बसता त्याच घटकेस १९३० या क्रमांकावर कळवावे. जितका उशीर होईल तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी. हा क्रमांक फोनमध्ये ठेवून भागत नाही, कारण त्या क्षणी हात थरथरत असतात. भिंतीवरील दिनदर्शिकेवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, तो ठळक अक्षरांत लिहून ठेवावा.