मधुमेह रात्री ओळखता येतो?

रात्री वारंवार लघवीला उठणे, घशाला कोरड, तळपायांची आग, दरदरून घाम. या चार खुणांवरून मधुमेह ओळखा, असे सांगणारा मजकूर आरोग्यवार्ता म्हणून सतत फिरत असतो. तो निव्वळ असत्य नाही. म्हणूनच अधिक घातक आहे.

साधा हिशेब पाहावा. उपाशीपोटी रक्तशर्करा 126 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा अधिक भरली आणि फेरतपासणीतही तेच दिसले, की मधुमेहाचे निदान होते. मूत्रपिंडे मात्र साधारण 180 पर्यंत गाळलेली शर्करा परत शोषून घेतात. ती मर्यादा ओलांडल्यावरच शर्करा लघवीत उतरते आणि परासरणाने पाणी सोबत ओढते. मग झोपमोड, मग तहान. म्हणजे ज्याची शर्करा रात्री या दोन आकड्यांच्या मधे राहते, तो रुग्ण शांत झोपतो. लक्षणांची यादी नेमकी त्यालाच निरोगी ठरवते. तळपायांची आग तर बहुधा अनेक वर्षांनी, मज्जातंतूंना इजा झाल्यावर जाणवते.

घामाचे उलटेच आहे. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या घेणाऱ्याला रात्री फुटणारा घाम हा शर्करा 70 च्या खाली घसरल्याचा इशारा असू शकतो. तिथे तत्काळ साखर द्यावी लागते. चढ आणि उतार एकाच यादीत कोंबणे याला विज्ञानवार्ता म्हणत नाहीत.

आता झाशीसारखे शहर घ्यावे. मे-जूनमध्ये पारा 45 अंशांपुढे जातो, तेव्हा रात्री घसा कोणाचा कोरडा पडत नाही? साठीच्या पुरुषाला प्रोस्टेटमुळेही उठावे लागते. खूण एकच, कारणे अनेक.

2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत उत्तर प्रदेशातील मधुमेहाचे प्रमाण देशात सर्वांत कमी, 4.8 टक्के आढळले. गोव्यात ते 26.4 टक्के होते. या आकड्यावर समाधान मानणाऱ्यांनी पुढची ओळही वाचावी: त्याच उत्तर प्रदेशात प्रत्येक मधुमेहीमागे जवळजवळ चार जण मधुमेहपूर्व अवस्थेत आहेत. या अवस्थेला बहुधा लक्षणेच नसतात. आहार आणि व्यायामाने रोग रोखण्याची किंवा लांबवण्याची संधी मात्र याच टप्प्यावर सर्वाधिक असते.

तिशीपुढील प्रत्येकाच्या तपासणीची तरतूद राष्ट्रीय कार्यक्रमात, आयुष्मान आरोग्य मंदिरांत आहे. बातमीत हे वाक्य सर्वांत वर हवे. रात्री खूण दिसली, तर शर्करा तपासावी. न दिसली, तरीही तपासावी.