रंग कधी देणार?

वणीला आमच्या घरी कोणीही आले की अंगणातल्या गाडीकडे बघून एकच प्रश्न विचारते, "रंग कधी देणार?" दीड वर्षात "ब्रेक लागतात का?" असे एकानेही विचारलेले नाही. माझी तक्रार आहे ती एवढीच.

गाडी आजोबांची, 1984 ची प्रीमियर पद्मिनी. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली काढलेल्या कंपनीची. मूळची इटलीची फियाट 1100, नाव मात्र चितोडच्या राणीचे. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीला ऑक्टोबर 2023 मध्ये निरोप मिळाला तेव्हा वर्तमानपत्रांनी रकाने भरून हळहळ व्यक्त केली. आमची पद्मिनी तेव्हा शेडमध्ये, टपावर द्राक्षांचे रिकामे क्रेट घेऊन उभी होती. आजोबा गेल्यावर वडिलांचे भंगारवाल्याशी बोलणेही झाले. मी सहा महिन्यांची मुदत मागून घेतली. ती संपून वर्ष झाले, हा भाग वेगळा! आजीला हिच्यातून सप्तशृंगी गडावर न्यायचे, असे मी बोलून बसलो होतो.

खरे सांगायचे तर सुरुवात मीही रंगापासूनच केली. चार दिवस पॉलिशपेपरने बॉनेट घासले. पाचव्या दिवशी गल्लीतल्या म्हाताऱ्या मेस्त्रींनी आत बसून ब्रेकचे पॅडल दाबले, ते थेट तळाला गेले. "नांदुरीचा घाट चढशील रे, पण उतरशील कसा?" एवढेच म्हणून ते चहाला निघून गेले.

हिच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषून घेते. गाडी वर्षानुवर्षे उभी राहिली की त्या पाण्याने सिलिंडर आतून गंजतात. मास्टर सिलिंडरचे किट मिळवायला मुंबईचा चोरबाजार पालथा घातला. ते बसवले, आणि शहाणपणा करून ब्रेक ऑइलऐवजी घरातले इंजिन ऑइल ओतले. खनिज तेलाने रबर फुगते हे मला कोठून ठाऊक असणार? चाके जाम. नवे किट फुकट गेले, दोन महिने गेले, आणि वडिलांनी भंगारवाल्याचा नंबर पुन्हा शोधला.

दुसऱ्या खेपेला नळ्यांतली हवा काढायला पॅडलवर आजी बसली. मी चाकाखालून ओरडायचो, "आजी, दाब! आता धरून ठेव!" मागच्या चाकापासून सुरुवात करून संध्याकाळपर्यंत चारही चाके झाली. पॅडल अर्ध्यावर घट्ट थांबले. त्या दिवशी आमच्या घरात जे घडले ते बाहेरून कोणालाही दिसले नाही. दुसऱ्या दिवशी मामा आले आणि म्हणाले, "अजून तशीच?"

जुन्या गाडीवरचे बहुतेक काम असे पत्र्याखाली असते. पाहुणे येणार म्हटले की आधी चुना लावण्याचा आपला स्वभावच आहे. गळते नळ पाहुण्यांना दिसत नाहीत. मला वाटते, ज्याने रंग आधी दिला त्याने गाडी विकायला काढली आहे, असे खुशाल समजावे.

सध्या पद्मिनी गल्लीच्या उतारावर थांबते. मागचा डावा सिलिंडर पुन्हा पाझरू लागला आहे. परवा वडील न बोलता चाकाशी वाकले, बोट लावून वास घेतला आणि म्हणाले, "ब्रेकचंच तेल आहे ना रे हे?" नंतर जॅक त्यांनीच आणला.